तांबडीचं लोढणं

तांबडीच्या गळ्यात लोढणं आलं आणि लगबग्याची सकाळ नासली. लोढणं म्हणजे हातभर लांबीचा जाड लाकडी ठोकळा. दोरीनं गायीच्या गळ्यात अडकवायचा. गाय मुकाट चालली तर तो नुसता छातीखाली झुलतो, दोरीची कडी खडखडत राहते. धावायला गेली की पुढच्या पायांवर दाणकन आपटतो आणि कोणाच्या अंगावर जायची तिची हौस जागच्या जागी फिटते. तांबडीला ही हौस व्याल्यापासून लागली होती. गोठ्यासमोरून कोणी गेलं की हिची मान खाली आणि शेपटी वर. लागलं कोणालाच नव्हतं, पण ज्यांनी कुंपणावरून उड्या मारल्या त्यांचं वय काही उड्या मारायचं नव्हतं.

लगबग्या हे नाव गावानं ठेवलेलं. खरं नाव बायकोलासुद्धा चटकन आठवलं नसतं. दाढीला बसला तर एक गाल करून उठायचा आणि दुसरा संध्याकाळवर टाकायचा. जेवताना एक पाय उंबऱ्याबाहेर. कोणाशी बोलत उभा राहिला तरी समोरच्याला वाटायचं, आपण याला बांधून ठेवलंय. अशा माणसाला लोढणं अडकवलेली गाय रोज तळ्यावर न्यायची म्हणजे शिक्षाच. गाय पाऊल टाकणार, लोढणं झुलणार, कडी खडखडणार, गाय थांबणार, मग पुढचं पाऊल. "हिच्यापेक्षा तळं इकडं आणलं असतं तर लवकर आलं असतं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

त्या दिवशी त्याच्या शेताला कालव्याचं पाणी मिळायचं होतं. पाळी चुकली की पाणी पुढच्याच्या शेतात, आणि पुढचा काही दार बंद करून याची वाट बघणारा नव्हता. लगबग्यानं गोठ्यात येऊन गायीचं दावं सोडलं, लोढण्याकडे पाहिलं आणि दोरीची गाठ उकलली.

बायको वासराला चाटण घालत होती. तिनं मान वळवली.

"काढू नका ते."

"तळ्यावर नेतो नि आणतो. आल्यावर बांधतो परत."

"आजवर काढलं नाहीत, आज काय झालं?"

"आज पाणी आहे."

"वाटेत सुतारदादा बसलेले असतात."

"त्याला काय गाय नवी आहे? लोढणं केलंय कोणी? त्यानंच ना?" एवढं बोलेपर्यंत तो फाटकाबाहेर गेलाही होता. लोढणं खुंटीवर लटकत राहिलं.

गाय मोकळ्या मानेनं झपाझप निघाली तसं लगबग्याला बरं वाटलं. कासरा खांद्यावर टाकून तो पुढं, गाय मागं. मागं वळून पाहायची त्याला सवयच नव्हती, आणि डोक्यात तर नुसतं पाणी चाललं होतं.

वळणावर सुताराची शेड. सकाळचं ऊन शेडच्या बाहेर छान पडतं म्हणून सुतार रस्त्याकडं पाठ करून अंगणात बसायचा. गुडघ्याखाली लाकूड, हातात ते तासायचा वाकस. सावकाश माणूस. लाकडाला विचारल्याशिवाय घाव घालत नाही, असं लोक त्याला चिडवायचे आणि चौकटी मात्र त्याच्याकडूनच करून घ्यायचे. लगबग्या नि तो एकाच बाकावर शिकलेले. एक जण गणित सोडवायच्या आधीच पाटी पुसायचा आणि दुसऱ्याचं गणित सुटेपर्यंत शाळा सुटायची, तरी दोघांचं जमायचं.

लगबग्या त्याला ओलांडून पुढं गेला. "आज पाणी आहे रे," एवढं बोलला, उत्तराला थांबला नाही. सुतार मांडीवरचा भुसा झटकायला अर्धवट उठला, आणि त्याच वेळी लगबग्याच्या खांद्यावरून कासरा सर्रकन गेला.

तो मागं वळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. तांबडीनं सुताराला काखेत शिंग घालून उचललं आणि ओंडक्यावर टाकलं होतं. आता ती बाजूला उभी राहून फुरफुरत होती, जणू तिचा काही संबंधच नाही. सुतार उजव्या हातावर पडला होता. मनगट जिथं वाकायचं नाही तिथं वाकलं होतं. तो ओरडला नाही. हाताकडे पाहत बसला आणि मग म्हणाला, "वाकस कुठं पडला बघ. कोणाच्या पायाखाली येईल."

लगबग्यानं वाकस उचलून दिला. घ्यायला सुतारानं उजवा हात पुढं केला, तो आला नाही. तेव्हा कुठं त्याचा चेहरा पांढरा पडला.

दवाखान्यात प्लास्टर झालं. हाडं दोन ठिकाणी गेली होती, मनगटाची बारीक हाडं वेगळीच. लगबग्या दवाखान्याच्या दारात येरझाऱ्या घालत होता. पाणी केव्हाच पुढच्याच्या शेतात गेलं होतं आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुतारीण लगबग्याच्या अंगणात आली. बाई बोलायला लागली की शेजारच्या घरातली भांडी थांबायची.

"भावजी कुठं आहेत? बाहेर बोलवा. पळू नका म्हणावं, पळण्यात पटाईत आहेत."

"आहे, आहे," लगबग्या गोठ्यातून आला.

"त्यांचा हात आहे तो. तुमच्यासारखी आमची शेती नाही, गाय नाही. आमचं सगळं घर त्या एका हातात आहे. तो हात आता गळ्यात बांधून ते बसलेत. मी काय करायचं, सांगा."

"वहिनी, माझं चुकलं नाही असं मी कुठं म्हणतो…"

"मग गाय द्या. गाय विकून घर चालवते."

लगबग्याच्या बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली. "गाय दिली तर आम्ही काय खायचं, वहिनी? शेताला पाणी मिळालं नाही. दुधावरच चाललंय सगळं. हिची आई गेली तेव्हा हिला मी चमच्यानं दूध पाजलंय."

"चमच्यानं पाजलंत आणि शिंगं आमच्याकडं पाठवलीत," सुतारीण म्हणाली आणि निघून गेली. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि दोघीही ते दुसरीला दिसू देणार नव्हत्या.

प्रकरण गावातल्या चार जाणत्या माणसांपुढं जाणार हे ठरलं. मग लगबग्याच्या मेहुण्याला जोर चढला. हा मेहुणा शहरातल्या कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसायचा. आत कधी गेला होता की नाही देव जाणे, पण गावात कायद्याचं बोलणारा तेवढाच एक. संध्याकाळी तो आला आणि बाजेवर पाय वर घेऊन बसला.

"दाजी, सगळं एका गोष्टीवर आहे. जनावर मारकं आहे हे मालकाला आधी माहीत होतं का? माहीत असून मोकळं सोडलं तर नुकसान मालकाच्या माथी. माहीतच नव्हतं, पहिल्यांदाच असं झालं, तर मालक काय करणार? जनावर ते. म्हणायचं, मला यत्किंचितही पूर्वकल्पना नव्हती."

"अरे पण लोढणं?"

"तेच सांगतोय. लोढणं म्हणजे तुमच्याविरुद्ध साक्षीदार. मारकी नाही तर गळ्यात ओंडका कशाला घातला? कोणी विचारलं तर गुंतलात. ते आधी नजरेआड करा."

बायको म्हणाली, "सगळ्या गावानं रोज खडखडाट ऐकलाय."

"ऐकणं वेगळं आणि पुराव्यात येणं वेगळं, अक्का."

लगबग्यानं लोढणं खुंटीवरून काढून कडब्याच्या गंजीत खुपसलं. मग त्याला वाटलं, इथं सापडेल. काढून माळ्यावर टाकलं. मग वाटलं, माळ्यावर तर पहिल्यांदा बघतील. परत गंजीत. असं त्यानं तीनदा केलं. शेवटी बायको म्हणाली, "खाली बसा जरा. लोढणं तुम्हालाच बांधायला पाहिजे होतं."

जाणत्यांची बैठक होईपर्यंतचे दिवस लगबग्याला ढकलवेनात. कुदळ घेऊन शेतात जायचा, दोन घाव घालून परत यायचा. सुताराच्या वळणावरून जाताना पायांना आणखीच घाई व्हायची, कारण तिथं आता ठोकाठोक नव्हती. इतकी वर्षं तो आवाज असतो हेसुद्धा कधी जाणवलं नव्हतं. नसला तेव्हा मात्र कानात बसला. एकदा धीर करून तो दुधाची चरवी घेऊन सुताराच्या दारात गेला. सुतारणीनं चरवीकडं पाहिलं आणि दार लोटून घेतलं. त्यानं चरवी उंबऱ्यावर ठेवली. संध्याकाळी न्यायला गेला तर दूध तसंच, वर माश्या. त्यानं ते रस्त्याकडेला ओतलं. तांबडीचं दूध मातीत मुरताना त्याला बघवेना.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. मधोमध म्हातारा जनावरांचा व्यापारी. आयुष्यभर त्यानं बाजारात बैलांचे दात मोजले होते आणि माणसांचेही न मोजता ओळखायचा. त्याला गाव दादाजी म्हणायचं. बाजूला बाकीची तिघं. समोर एका बाजूला लगबग्या नि बायको, दुसऱ्या बाजूला गळ्यात हात अडकवलेला सुतार नि सुतारीण. मेहुणा मागं खांबाला टेकून उभा.

दादाजी म्हणाला, "लगबग्या, गाय तुझी. ती माणसावर जाते हे तुला ठाऊक होतं?"

लगबग्या उभा राहिला. पाठ केलेलं एकदाचं बाहेर टाकलं. "मला यत्किंचितही पूर्वकल्पना नव्हती."

व्हरांड्यात कोणीतरी खोकलं. कुंपणावरून उड्या मारलेल्यांपैकी एक जण जमिनीकडे पाहायला लागला.

दादाजी सुताराकडं वळला. "तुला ठाऊक होतं का रे? म्हणजे असं, की माहीत असून तू रस्त्याला पाठ करून बसलास, तर थोडं तुझ्याकडंही येतं."

सुतारानं बायकोकडं पाहिलं. ती समोर बघत होती. मग तो सावकाश, एकेक अक्षर घासत म्हणाला, "मला यत्किंचितही पूर्वकल्पना नव्हती."

आता मात्र सगळा व्हरांडा हसला. असला शब्द या गावात पुस्तकाबाहेर कोणी ऐकला नव्हता, आणि एका सकाळी दोघांच्या तोंडून. सगळ्यांच्या माना मागं खांबाकडं वळल्या.

"त्यांनी पण विचारलं," मेहुणा पुटपुटला. "सल्ला मागायला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं."

दादाजी हसला नाही. हसू विरेपर्यंत थांबला. "बरं. दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे मालकाचा दोष नाही, तो सुताराचं काही देणं लागत नाही. सुताराचाही दोष नाही. मग राहिली कोण? गाय. कसलीही खूण न देता माणसावर जाणारं जनावर गावात ठेवता येत नाही. आज आहे सुतार, उद्या कोणाचं पोर असेल. परवाच्या बाजारात तिला नेऊन सोडायचं. जो घेईल त्याला द्यायची."

मारकी गाय बाजारात कोण घेतं हे सांगायची गरज नव्हती. ती दावणीला बांधायला कोणी घेत नाही. लगबग्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. सुतारीणही चपापली. तिनं गाय मागितली होती, तिचा जीव मागितला नव्हता, आणि एवढं करून हाती काहीच लागत नव्हतं.

दादाजीनं हे मुद्दाम केलं की खरंच त्याच्या मनात तसं होतं, यावर गावात अजून दोन मतं आहेत. लगबग्याला तेवढा विचार करायला वेळ नव्हता, कधीच नसायचा. तो उभा होताच, बसायचं विसरला होता.

"ठाऊक होतं," तो म्हणाला.

मेहुण्यानं मागून "दाजी" अशी हाक मारली.

"गप रे. ठाऊक होतं दादाजी. सगळ्यांनाच ठाऊक होतं. लोढणं होतं तिच्या गळ्यात. त्या दिवशी मी काढलं. बायको नको म्हणत होती तरी काढलं. लोढण्यानं गाय हळू चालते आणि मला पाण्याची घाई होती. लोढणं गंजीत लपवलंय, आणून दाखवतो. गायीला कशाला सोडता, तिनं सांगितलं होतं का काढ म्हणून?"

दादाजीनं सुताराकडं पाहिलं. "आता तू."

सुतार गळ्यातला हात सावरत उठला. "लोढणं मीच केलं. गाय मारकी हे मला माहीत होतं."

"मग रस्त्याला पाठ करून का बसायचास, शहाण्या?"

"ऊन तिकडून येतं. आणि…" तो थांबला. त्याला बोलायला वेळ लागायचा, आणि आज कोणीच त्याला घाई केली नाही. "कडी मी मुद्दाम सैल ठेवली होती. गाय येताना खडखडतं. आवाज आला की मी हातातलं काम ठेवून शेडच्या आत व्हायचो. रोज. त्या दिवशी आवाज आला नाही. हा नुसता बोलून गेला, मला वाटलं एकटाच चाललाय."

लगबग्याला खाली बसावं लागलं. तो खडखडाट रोज त्याच्या डोक्यात जायचा. लोढण्याहून त्याला त्या कडीचाच राग होता. आपण गायीच्या गळ्यातून लाकूड काढलं एवढंच त्याला माहीत होतं. मित्राचे कान काढून घेतले हे त्याला आत्ता कळत होतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

चौघं जाणते बाजूला जाऊन बोलले. परत आल्यावर दादाजी म्हणाला, "गाय राहील. लोढणं गळ्यात राहील, झोपेतही. आणि लगबग्या, सुताराचा हात जोवर चालत नाही तोवर त्याचा हात तू. तो सांगेल ते, तो सांगेल तसं. शेत तुझं तू बघ, त्याच्या आधी किंवा नंतर. कबूल?"

"कबूल," लगबग्या म्हणाला. विचार न करताच, पण या वेळी त्याची घाई योग्य ठिकाणी पडली.

मग जे सुरू झालं ते बघायला सुरुवातीला लोक मुद्दाम वळणावरून जायचे. लगबग्या पहाटे शेत उरकून शेडवर. सुतार बाजूला बसून डाव्या हातानं रेघ मारून देणार, हा वाकस चालवणार. पहिल्या आठवड्यात त्यानं खाटेचे इतके पाय वाया घालवले की सुतारणीची चूल त्यावर पेटली.

"रेघेवर मार," सुतार म्हणायचा.

"रेघेवरच मारला."

"रेघ इथं आहे. तू मारलास तिथं शेजाऱ्याचं घर आहे."

रंधा मारताना तर हा असा सुटायचा की लाकूड पुढं आणि हा मागं. सुतार त्याचा हात धरून थांबवायचा. "लाकूड कुठं पळून जात नाही. तूच जातोस." पण हळूहळू खाटेचे पाय उभे राहायला लागले, मग एक चौकट झाली, मग गिऱ्हाईक पैसे देऊन ती घेऊन गेलं. सुतारीण लगबग्यालाही चहा द्यायला लागली. न बोलता द्यायची, पण द्यायची. तांबडी तळ्यावर जाताना खडखडायची. तिला आता लगबग्याची बायको न्यायची, आणि खडखडाट ऐकू आला की दोघंही उठून शेडच्या आत जायचे.

प्लास्टर काढायच्या दिवशी लगबग्या सुताराबरोबर दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं, हात दाबून पाहिला, बोटं वाकवून पाहिली. हाडं जुळली होती, जरा तिरकी. मनगट पूर्वीसारखं होणार नाही, मूठ पुरी मिटणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दोघं परत आले. शेडमध्ये येऊन सुतारानं वाकस उचलला. बोटं दांड्याभोवती अर्धी गेली आणि थांबली. त्यानं हात वर नेला तसा वाकस निसटून भुशात पडला. त्यानं परत उचलला नाही. हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत बसला.

दादाजीचे शब्द दोघांनाही पाठ होते. हात चालेपर्यंत. हात चालणार नव्हता.

"उद्यापासून येऊ नकोस," सुतार म्हणाला. "मी सांगतो त्यांना, बरा झाला. तू सुटलास."

"आणि वाकस धरून दाखव म्हणाले तर?"

"कोण म्हणतंय."

"आपल्याला खोटं बोलणं मागच्या वेळीही जमलं नव्हतं," लगबग्या म्हणाला.

सुतार म्हणाला, "तुझं शेत आहे. संसार आहे. जन्मभर कोणी कोणाचा हात होत नाही."

लगबग्यानं भुशातला वाकस उचलला, दांडा धोतराला पुसला आणि बाहेर सुताराच्या नेहमीच्या जागी, रस्त्याकडं पाठ करून बसला. गुडघ्याखाली लाकूड ओढलं.

"रेघ मार," तो म्हणाला.

सुतारानं डाव्या हातानं रेघ मारली. लगबग्यानं वाकस उचलला.

"थांब," सुतार म्हणाला. "कुठं जायची घाई आहे का तुला?"

लगबग्यानं वाकस खाली घेतला. रेघ कुठून कुठं जाते ते नीट पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "आता कुठंच नाही."